‘अदालत’ची उतरती कळा

‘सोनी’ वाहिनीवर २०१० च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ‘अदालत’ ही हिंदी मालिका २०१५ पर्यंत चालली. २०१६ साली तिचे दुसरे पर्व आले आणि ते अल्पायुषी ठरले. भिलाईच्या मराठी घरांतूनही ती आवडीने पाहिली गेली. तिच्या ऱ्हासाचा दोष बहुतेक प्रेक्षक लेखकांच्या आळसास देतात. हे निदान आम्हांस अपुरे वाटते. ऱ्हासाचे बीज मालिकेच्या मूळ कल्पनेतच होते.

के. डी. पाठक हा बचावाचा वकील. रोनित रॉय यांनी त्यास भारदस्त आवाज आणि रोखलेली नजर दिली. सत्याचा बळी देऊन तो खटला जिंकत नाही. अर्थात त्याचा अशील निर्दोष असणार, हे प्रेक्षकास आरंभीच उमगते. निकाल असा ठरलेला असल्यावर उरतो तो केवळ ‘कसे’ हा प्रश्न. प्रारंभीच्या चांगल्या भागांत त्याचे उत्तर उलटतपासणीतून निघे. साक्षीदार सहज एक वाक्य बोलून जाई, पाठक ते मनात जपून ठेवी आणि योग्य वेळी त्याच धाग्याने सारी साक्ष उसवी. माणूस स्वतःच्याच शब्दांत सापडतो, यात अस्सल नाट्य आहे.

पुढे पाठक न्यायालयाबाहेरच अधिक रमू लागला. भुताखेतांचे भास, वेषांतरे, अचाट योगायोग यांनी कथानक व्यापले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उरली ती बाहेर सापडलेल्या पुराव्याची घोषणा. सरकारी वकील जयस्वाल तर हरण्यासाठीच नेमलेला. त्याची फजिती करमणूक करते खरी, पण प्रतिपक्ष इतका दुबळा केल्यावर नायकाच्या बुद्धीस धार लागावी कशावर?

अमेरिकेतील ‘पेरी मेसन’ (१९५७-६६) या मालिकेपुढेही हेच संकट होते. भाग २७१, आणि नायक जवळजवळ अजिंक्य! तथापि १९६३ मधील एका भागात मेसनच्या अशिलास प्रारंभीच मृत्युदंड सुनावला जातो. तो पुढे तिला सोडवितो. परंतु तोवर वकिलाची हार ही शक्य कोटीतील गोष्ट होऊन बसते. शेवटच्या वर्षी तेथेही एक भाग रंगीत काढून पाहिला. रंग चढला, पण मालिका त्याच वर्षी आटोपली.

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ येथे आठवणे अपरिहार्य आहे. १९६२ साली त्याचा पहिला प्रयोग झाला तोही मराठी मुलुखाबाहेर, दिल्लीत. लखोबा दोषी आहे हे प्रेक्षक जाणतो; तरीही रंगत ओसरत नाही. कारण प्रत्येक साक्षीदार आपला उद्ध्वस्त संसार घेऊन पिंजऱ्यात येतो आणि त्या दुःखासमोर प्रभाकर पणशीकरांचा लखोबा निर्विकारपणे नकार देत राहतो. ‘अदालत’मध्ये गुन्हेगार सापडला की सुटलेल्या निरपराध्याच्या वाट्यास येतात जेमतेम चार अश्रू!

ही केवळ करमणुकीची बाब नव्हे. आमच्या गावचे खटले दुर्गच्या जिल्हा न्यायालयात चालतात. तेथे साक्ष संथपणे, शब्द शब्द नोंदवीत पुढे सरकते, आणि तिच्यावर कोणाचे तरी आयुष्य टांगलेले असते. सत्य चमत्कारानेच बाहेर पडते असे ज्याच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबविले गेले, तो उद्या शपथेवर बोलावयास उभा राहिला तर स्वतःच्या शब्दाची किंमत काय समजेल? पहिल्या वर्षांतला पाठक त्याच शब्दाला निरखून पाही. ज्यांना ही मालिका आता पाहावयाची असेल, त्यांनी त्या वर्षांतील भाग पाहावेत आणि पहिले भूत दिसताच थांबावे.