इस्माईल मर्चंट : निर्मात्याचा हिशेब आणि ‘मुहाफिज’

इस्माईल मर्चंट यांचे नाव निघाले की आपल्याकडे ऑस्करची गोष्ट निघते. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ या चित्रपटांना प्रत्येकी ३ ऑस्कर मिळाली, ‘द रिमेन्स ऑफ द डे’ला ८ नामांकने होती. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलाने हे करून दाखवले याचा अभिमान रास्तच आहे. पण आम्ही पडलो शाळेत उर्दू शिकवणारे. त्यांच्या सुमारे ४० चित्रपटांपैकी आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो १९९३चा ‘मुहाफिज’, आणि आमची सर्वांत मोठी तक्रारही त्याच चित्रपटाबद्दल आहे.

निर्माता म्हणजे पैसेवाला असामी, असा एक सर्वसाधारण समज आहे. मर्चंट यांच्याजवळ पैसा नव्हता. दुसऱ्याचा पैसा कुठे अडकून पडला आहे, हे मात्र त्यांना अचूक कळे. १९६१ साली त्यांनी अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांच्याबरोबर कंपनी काढली. ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) दिल्लीत तयार झाला तेव्हा कोलंबिया कंपनीची भारतातली कमाई सरकारी नियमांमुळे देशाबाहेर नेता येत नव्हती. मर्चंट यांनी त्याच अडकलेल्या रुपयांत कंपनीला आपला चित्रपट विकला. ‘शेक्सपिअर वाला’ (१९६५) अवघ्या ८०,००० डॉलरच्या आसपास झाला आणि मधुर जाफरी यांना बर्लिनमध्ये उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार देऊन गेला. पगार थकला की मर्चंट स्वतः चुलीपाशी उभे राहून सगळ्या युनिटला जेवू घालीत, अशी त्यांची ख्याती. (भुकेल्या माणसाला ते जेवण गोड लागले असेल, थकलेल्या पगाराची गोष्ट त्याने विसरावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही.) मुंबईचा मुसलमान निर्माता, अमेरिकन दिग्दर्शक आणि जर्मनीत जन्मलेल्या, पारशी घरात आलेल्या ज्यू लेखिका रूथ झाबवाला : एवढी वेगळी माणसे चार दशके एकत्र राहिली, ती या माणसाच्या चिकाटीमुळे.

दूरचित्रवाणीसाठीही त्यांनी काम केले. ब्रिटनच्या चॅनेल फोरसाठी १९८३ साली केलेला ‘द कोर्टिझन्स ऑफ बॉम्बे’ मुंबईच्या पवन पुलावरील गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांवर आहे. तो त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला. त्या वस्तीत वाढणारे सूर आणि तिथला भाडेवसुलीचा व्यवहार, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत होते.

त्यानंतर दहा वर्षांनी ‘मुहाफिज’ आला. दिग्दर्शक म्हणून मर्चंट यांचा हा पहिला कथापट. अनिता देसाई यांची १९८४ची इंग्रजी कादंबरी ‘इन कस्टडी’ जुन्या दिल्लीत घडते. मर्चंट यांनी ती भोपाळला आणली आणि पडद्यावर उर्दूत बोलती केली. देवेन (ओम पुरी) हिंदीचा प्राध्यापक, जीव मात्र उर्दूत गुंतलेला. वृद्ध शायर नूर (शशी कपूर) यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करायचे तो ठरवतो. आता या कथेकडे निर्मात्याच्या नजरेने पाहा. कॉलेजकडून पैसे काढायचे, टेपरेकॉर्डर जुना घ्यायचा, तो चालवायला पोरगा शोधायचा, शांत खोली भाड्याने घ्यायची, शायरांच्या खाण्यापिण्याची सोय करायची. आणि शायर शायरी सोडून भलतेच बोलत बसणार! देवेन हा एक फसलेला निर्माता आहे. मर्चंट आयुष्यभर ज्या कसरतीत जिंकत आले, तीच कसरत इथे एक भोळा मास्तर हरतो आहे. म्हणूनच चित्रपटाचा हा भाग इतका खरा आणि इतका हसवणारा झाला आहे. शशी कपूर यांचे ते अवाढव्य, थकलेले शरीर आणि त्यातून उमटणारा आवाज विसरता येत नाही. त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत ज्यूरीचा विशेष पुरस्कार मिळाला तो सर्वस्वी योग्यच होता.

आता तक्रार. कादंबरीच्या शेवटी नूर जिवंत आहेत. त्यांची पत्रे येतात, पत्रांत पैशांची मागणी असते, देवेनच्या डोक्यावर बिलांचा डोंगर असतो. चित्रपटात नूर यांचा जनाजा निघतो. जनाजा सुंदर चित्रित झाला आहे यात वाद नाही. पण ज्या माणसाचे सारे आयुष्य बिले भागवण्यात आणि टाळण्यात गेले, त्यानेच बिले गाळून जनाजा घ्यावा, याचे आम्हाला नवल वाटते. बिल येते ते जिवंत माणसाचे. पडक्या हवेल्या, मावळतीचा प्रकाश, अखेरचा शायर : उर्दूचे हे चित्र परक्या प्रेक्षकाला भावते. मात्र मालेगाव-भिवंडीत रोज सकाळी उर्दूत हजेरी देणारी मुले त्यात कुठेच नाहीत. इंग्रजी कादंबऱ्यांवरील चित्रपटांत स्वयंपाकघरातल्या नोकराच्या बोलण्यालाही जागा देणाऱ्या या निर्मात्याकडून आमची अपेक्षा जास्त होती.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. नूर यांच्या तोंडी जी शायरी आहे ती फैज अहमद फैज यांची. फैज तुरुंगात गेले, मजुरांत वावरले. त्यांची शायरी काही हवेलीतली नव्हे. त्यामुळे पडद्यावर उर्दू मरत असते आणि कानांवर मात्र ती ताठ मानेने पडत राहते. झाकिर हुसेन आणि उस्ताद सुलतान खान यांच्या संगीताने हा विरोध अधिकच धारदार केला आहे. हे मर्चंट यांनी जाणूनबुजून केले की आवडत्या शायराच्या प्रेमापोटी आपोआप झाले, हे ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही.

मे २००५मध्ये मर्चंट लंडनला वारले आणि मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झाले. ‘मुहाफिज’ शाळेत दाखवावा की नाही, यावर आमच्या शिक्षकमंडळींत एकमत होत नाही. काहींना नूर यांच्या घरातली दारू खटकते. आम्ही म्हणतो, दहावीच्या मुलांना जरूर दाखवावा, फक्त जनाजा सुरू झाला की पडदा बंद करून आवाज तेवढा चालू ठेवावा.