‘बंद’ म्हणजे नेमकं काय बंद? : हॅडफिल्ड यांचे तक्ते वाचताना

पीएचडीचे पहिले काही महिने तुम्ही इतरांनी केलेले तक्ते वाचण्यात घालवणार आहात. म्हणून आज मुद्दाम आपल्या विषयाबाहेरचं पुस्तक घेतोय: चार्ल्स हॅडफिल्ड यांचं ‘द कॅनल्स ऑफ द वेस्ट मिडलंड्स’ (१९६६).

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतीचं पाणी, आवर्तन, चाऱ्या. इंग्लंड-वेल्समधले जुने कालवे प्रामुख्याने मालवाहतुकीचे. रेल्वे आली, धंदा बसला आणि कितीतरी फाटे बंद पडले. हे फाटे शोधत हिंडणारे हौशी लोक तिथे बरेच आहेत, आणि त्यांच्या हातात हमखास हॅडफिल्ड असतो.

ते योग्यच आहे. हॅडफिल्ड यांनी ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून कालवा कंपन्यांची इतिवृत्तं वाचली. परिशिष्टातल्या तक्त्यांत कायद्याचं वर्ष, खुला झाल्याचं वर्ष, लांबी हे सगळं येतंच. पण व्यापारी वाहतूक थांबल्याची तारीख आणि कायद्याने कालवा सोडून दिल्याची तारीख हे दोन वेगळे रकाने आहेत. मला या पुस्तकातली सर्वात शिस्तीची गोष्ट हीच वाटते.

का, ते बघा. मोंटगोमरी कालवा फ्रँक्टनजवळ १९३६ मध्ये फुटला. मालक असलेल्या रेल्वे कंपनीने दुरुस्ती हाती घेतली आणि अर्ध्यात सोडली. बोटी थांबल्या त्या तेव्हाच. कायद्याने त्याग झाला १९४४ मध्ये. आता तुम्ही ही माहिती स्प्रेडशीटमध्ये भरताना ‘बंद झाल्याचं वर्ष’ असा एकच रकाना केलात, तर कोणतं वर्ष टाकाल? १९४४ टाकलंत तर पुढचा माणूस आलेख बघून बिनधास्त लिहील की कालवा महायुद्धामुळे बंद पडला. आठ वर्षांच्या फरकात कारणच बदलतं.

पण दोन रकानेही पुरत नाहीत, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. त्याच फ्रँक्टनपासून दुसरी वाट लँगॉलेनला जाते. १९४४ च्या त्याच कायद्याने तीही नौकानयनासाठी बंद झाली. कागदावर दोन्ही मेले. प्रत्यक्षात लँगॉलेनच्या वाटेने डी नदीचं पाणी खाली वाहतच होतं, आणि त्या पाण्याची गरज होती. ७ सप्टेंबर १९४५ च्या पहाटे हा ‘बंद’ कालवा लँगॉलेनजवळ फुटला, शेजारचा रेल्वेचा भराव वाहून गेला आणि एक गाडी त्या खिंडारात कोसळली. एकाचा जीव गेला. कालवा दुरुस्त केला गेला, आणि पाण्यासाठी म्हणून टिकला. आज तो ब्रिटनमधल्या सर्वात गजबजलेल्या सहलीच्या कालव्यांपैकी एक आहे.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. जुन्या मशीनवर ‘लास्ट’ कमांड चालवली. वर्षभरात कुणाचंच लॉगिन नाही. मग करायचं बंद? थांबा. रात्री त्याच मशीनवरून क्रॉन बॅकअप घेत असेल, किंवा बाकीची मशीन्स त्याच्याकडून घड्याळ जुळवत असतील. ‘लास्ट’ खोटं बोलत नाही. तिला फक्त लॉगिन विचारलंय. उघडे पोर्ट, क्रॉनची यादी, येणारी-जाणारी जोडणी हे वेगळं विचारावं लागतं.

हॅडफिल्ड यांच्या तक्त्याचं तसंच आहे. तो कालव्याकडे वाहतुकीचा धंदा म्हणून बघतो, कारण साधन कंपनीचं इतिवृत्त आहे आणि संचालकांपुढे प्रश्न धंद्याचा असतो. पाणी कुणाला जातं याला रकाना नाही.

कुणी म्हणेल, तक्त्यात सगळं कसं मावेल? अपवाद सांगायला गद्य आहेच की. कबूल. पण लोक उतरवून घेतात तो तक्ता. गद्य मागेच राहतं. शिवाय छापल्याचं वर्ष विसरू नका. १९६६ च्या पुस्तकात मोंटगोमरी म्हणजे संपलेली गोष्ट. १९६९ मध्ये वेल्शपूलला स्वयंसेवकांनी फावडी घेतली आणि त्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं.

तेव्हा पुस्तक जरूर वापरा, त्याच्या तोडीचं सहज मिळणार नाही. फक्त कुठल्याही तक्त्यातून ‘बंद’, ‘निष्क्रिय’, ‘शून्य’ असं काही उचलताना तीन प्रश्न वहीत लिहा: कशासाठी बंद? कुणाच्या नोंदीनुसार? आणि या नोंदीत काय दिसूच शकत नाही? तिसऱ्याचं उत्तर तक्त्यात मिळणार नाही. त्यासाठी दुसरं साधन शोधावं लागेल, किंवा काठावर जाऊन पाणी वाहतंय का ते बघावं लागेल.