रिसॉर्टवर न गेलेल्या बायका कुठे आहेत?

पेपर हातात आला की आपण सगळे आधी निष्कर्ष वाचतो. आज ज्या पेपरबद्दल लिहितेय त्याचा निष्कर्ष वाचला की लगेच फोन काढून रूम बुक करावीशी वाटते, आणि म्हणूनच तो निवडलाय. आरामशीर हॉटेलात सहा दिवस राहिलं की रक्तातल्या जनुकांची कामगिरी बदलते, ताणाशी आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं शांत झाल्यासारखी दिसतात, असं तो सांगतो. एलिसा एपेल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर ऑगस्ट २०१६ मध्ये 'ट्रान्सलेशनल सायकिअ‍ॅट्री'त आला. सहलेखकांमध्ये नोबेल मिळालेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न आहेत, अल्झायमरवर काम करणारे रुडॉल्फ टान्झी आहेत. म्हणजे कुणीतरी घाईत उरकलेलं काम नाही. पण चांगल्या लोकांच्या चांगल्या पेपरातही एक प्रश्न अनुत्तरित राहू शकतो. आपल्या सिनॉप्सिसमध्ये तोच प्रश्न कमिटी विचारणार असते, म्हणून जरा सावकाश बघू.

मांडणी अशी आहे. ३० ते ६० वयाच्या ९४ निरोगी बायका. त्यातल्या ६४ जणी ध्यान वगैरे न करणाऱ्या. त्यांना रँडम पद्धतीने दोन गटांत वाटलं. दोन्ही गट कॅलिफोर्नियातल्या एकाच रिसॉर्टमध्ये सहा दिवस राहिले. एका गटाने तिथेच चालणाऱ्या चोप्रा सेंटरच्या कार्यक्रमात मंत्रध्यान, योग वगैरे शिकून घेतलं, दुसऱ्या गटाने निव्वळ सुट्टी घालवली. तिसऱ्या गटात ३० अनुभवी ध्यान करणाऱ्या होत्या, त्या त्या आठवड्याच्या शिबिराला तशाही येणारच होत्या. मुक्कामाच्या आधी आणि नंतर रक्त घेतलं, सुमारे २०,००० जनुकांचं एक्स्प्रेशन पाहिलं, प्रश्नावल्या भरून घेतल्या. पुढे एक महिन्याने आणि दहा महिन्यांनी पुन्हा विचारणा केली.

आधी कौतुक करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. ध्यानाच्या शिबिरांवरच्या बऱ्याच अभ्यासांत शिबिराला गेलेल्यांची तुलना घरी बसलेल्यांशी होते. मग फरक दिसला तर तो ध्यानामुळे, की स्वयंपाक न करता आठवडाभर आयतं जेवण मिळाल्यामुळे, हे सांगताच येत नाही. इथे लेखकांनी ती फट बुजवली. तेच हॉटेल, तोच परिसर, तेच दिवस, फरक फक्त ध्यानाचा. दहा महिन्यांनी नव्याने ध्यान शिकलेल्या बायकांमध्ये उदासीची लक्षणं सुट्टीवाल्या गटापेक्षा कमी दिसली, आणि हे वाक्य लिहिण्याचा पूर्ण हक्क या मांडणीने त्यांना दिलाय. कंट्रोल ग्रुप कसा निवडावा याचं हे चांगलं उदाहरण म्हणून मी ज्युनिअर्सना दाखवते.

आता पेपरचं शीर्षक बघा. त्यात ध्यानाबरोबर 'सुट्टीचा परिणाम' हेही आहे. तिन्ही गटांत मुक्कामाच्या आधीचं आणि नंतरचं चित्र स्पष्टपणे वेगळं होतं. जे तिन्ही गटांत सारखं दिसतं ते ध्यानामुळे नाही, हे बरोबर. म्हणून ते सुट्टीमुळे? इथे पाय घसरतो. सुट्टीवाला गट हा ध्यानासाठी कंट्रोल आहे. सुट्टीसाठी कंट्रोल कोण? रिसॉर्टवर न गेलेल्या, त्याच सहा दिवसांत आपापल्या घरी नेहमीसारखं जगणाऱ्या बायका. त्या या अभ्यासात नाहीतच. ९४ पैकी ९४ जणी हॉटेलातच होत्या. बातम्यांनी मात्र नेमका तोच अर्धा भाग उचलला.

'पण आधी आणि नंतर फरक आलाय ना, मग?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. सहा दिवसांत हॉटेलशिवाय काय काय बदलू शकतं ते मोजा. सुट्टीला निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस कसे असतात ते वसई-विरारच्या माणसाला सांगायला नको: ऑफिसची कामं उरकणं, बॅगा भरणं, घराच्या किल्ल्या शेजारी देणं. अशा वेळी घेतलेलं 'आधीचं' मोजमाप रोजच्या आयुष्याचं नसतं, ते वर्षातल्या वाईट आठवड्यांपैकी एकाचं असतं. नंतर आकडा खाली येणारच. शिवाय पहिल्यांदा सुई टोचून घेताना जी धास्ती असते ती दुसऱ्यांदा तेवढी नसते. झोप वाढते, जेवणाच्या वेळा बदलतात, चहा-कॉफी कमी-जास्त होते. रक्तातल्या पेशींचं आपसातलं प्रमाण थोडं हललं तरी एकूण एक्स्प्रेशनचं चित्र बदलतं. यातल्या काही गोष्टींना तुम्ही 'सुट्टीचाच भाग' म्हणाल आणि काहींना नाही. हे वेगळं करायला घरी राहिलेला गट हवा होता.

हीच चूक याहून ठळक स्वरूपात मसाजच्या साहित्यात सापडते. 'मसाजने कॉर्टिसॉल ३१ टक्क्यांनी घटतं' हे स्पाच्या जाहिरातींतलं लाडकं वाक्य आहे. आकडा हवेतला नाही. मायामीच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटच्या टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला आणि कॉर्टिसॉलमध्ये सरासरी ३१ टक्के घट, सेरोटोनिनमध्ये २८ टक्के आणि डोपामिनमध्ये ३१ टक्के वाढ असं मांडलं. गोम अशी की हे आकडे मसाज घेतलेल्यांच्याच आधी-नंतरच्या फरकाचे आहेत. आता कॉर्टिसॉलचा स्वभाव आठवा, एमएस्सीला शिकलोय आपण. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखराला जातं आणि मग दिवसभर उतरत राहतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. सकाळी अकराला एक नमुना घ्या, बाराला दुसरा घ्या, मधल्या वेळात माणसाला नुसतं वर्तमानपत्र वाचायला द्या, तरी घट दिसण्याची शक्यता भरपूर. मग ३१ टक्क्यांतले मसाजचे किती आणि घड्याळाचे किती?

ख्रिस्तोफर मॉयर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच विचारलं. मसाज घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांमधला फरक त्यांनी काढला, तर कॉर्टिसॉलवरचा परिणाम फारच लहान निघाला, बऱ्याचदा शून्यापासून वेगळा सांगता न येण्याइतका. याचा अर्थ मसाज निरुपयोगी असा काढू नका. त्याच मॉयर यांच्या २००४ च्या ३७ अभ्यासांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये एका बैठकीनेही त्या क्षणाची चिंता, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी झालेले दिसतात, आणि तेही कंट्रोलच्या तुलनेत. म्हणजे माणसाला बरं वाटतं हे खरं आहे. ते कॉर्टिसॉलमुळे वाटतं ही गोष्ट मात्र डळमळीत आहे. मला या सगळ्या प्रकारात राग येतो तो एवढ्याचाच. 'मला बरं वाटलं' हे वाक्य पुरेसं मानलं जात नाही, त्याला संप्रेरकाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, आणि मग ते सर्टिफिकेट मिळवायला कंट्रोल ग्रुपला दाराबाहेर ठेवावं लागतं.

जाता जाता याच कुटुंबातली आणखी एक चूक. 'उपचाराच्या गटात फरक लक्षणीय होता, कंट्रोलमध्ये नव्हता, म्हणून उपचार चालतो' हे वाक्य थीसिसमध्ये दिसलं की थांबा. दोन पी-व्हॅल्यू शेजारी ठेवणं म्हणजे तुलना नव्हे, दोन गटांतल्या बदलांचा फरक थेट तपासावा लागतो. नीवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंदूविज्ञानातल्या मोठ्या जर्नल्समधले पेपर तपासले. ही चूक होण्याची संधी जिथे होती अशा १५७ पेपरांपैकी ७९ मध्ये ती झालेली होती. निम्म्याहून जास्त! तेव्हा व्हायवामध्ये सापडलात तर एकटे नसाल, पण सापडू नका.

बरं, घरी राहिलेल्यांचा गट घेऊन सुट्टी मोजलीय का कुणी? मोजलीय. नेदरलँड्समध्ये येरुन नाविन आणि सहकाऱ्यांनी १,५३० प्रौढांची माहिती घेतली, त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले, बाकीचे गेले नव्हते. हा पेपर २०१० चा. जाणारे लोक जाण्याच्या आधीच जास्त आनंदी होते, कदाचित वाट बघण्याचा आनंद असेल. परत आल्यावर मात्र दोघांमध्ये बहुतेक फरक उरला नाही. अपवाद एकच, ज्यांनी सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगितलं त्यांचा. इथे रँडम वाटणी नाही, सुट्टी परवडणारे आणि न परवडणारे मुळातच वेगळे असतात, हा आक्षेप तुम्ही घेतला असेलच. २००९ मध्ये जेसिका दे ब्लूम यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसनेही परिणाम लहान आणि कामावर परतल्यावर लवकर विरणारा असंच सांगितलं होतं, पण त्यात अभ्यास होते जेमतेम सात. २०२५ मध्ये ३२ अभ्यास घेऊन झालेलं नवं मेटा-अ‍ॅनालिसिस उलट म्हणतं की परिणाम आधी वाटला त्यापेक्षा मोठा आहे आणि हळू विरतो, आणि कामातून मन खरंच बाहेर काढणाऱ्यांना त्याचा जास्त फायदा होतो. स्पा होता की नव्हता यापेक्षा ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट होता की नव्हता हे जास्त महत्त्वाचं असावं, असं मी यातून वाचते. हा माझा अंदाज, पेपरचा निष्कर्ष नव्हे.

हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे स्पा नव्हता असं थोडंच आहे? स्पा हा शब्द बेल्जियममधल्या स्पा नावाच्या झऱ्यांच्या गावावरून आला. लॅटिन शब्दांची आद्याक्षरं जुळवून सांगितली जाणारी व्युत्पत्ती नंतर जुळवलेली आहे, ती थीसिसच्या प्रस्तावनेत टाकू नका. गोखिवऱ्याहून अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारखी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं तानसा नदीच्या काठी आहेत. कोकणपट्टीत पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेल्या कुणालाही विचारा, सांधे मोकळे होतात, कातडीचे विकार जातात, कारण पाण्यात गंधक आहे, असं उत्तर मिळेल. या पट्ट्यातल्या झऱ्यांच्या रासायनिक विश्लेषणांत बहुतेक ठिकाणी वरचढ दिसतं ते क्लोराइड. गंधकाचा वास आणि गंधकाचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा तुम्हाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हेच तपासायचंय. सांधेदुखी असलेले चाळीस जण कुंडात उतरवले, आधी-नंतर दुखण्याचा स्कोअर घेतला, तो घटला. एपेल यांच्या पेपरातलाच खड्डा. कंट्रोलला घरी बसवलं तर गरम पाण्याचा परिणाम कळेल, कुंडातल्या क्षारांचा नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी यावर साधा तोडगा काढलाय: कंट्रोल गटाला तेवढ्याच तापमानाचं साधं नळाचं पाणी द्यायचं, शक्यतो फरक ओळखू येणार नाही असं. तरीही संधिवातावरच्या खनिजजल-स्नानाच्या चाचण्यांचा कोक्रेनने २०१५ मध्ये आढावा घेतला तेव्हा नऊ चाचण्या आणि ५७९ रुग्ण हाती लागले, आणि पुरावा अपुरा ठरला. आणि वज्रेश्वरीला एक अडचण आणखी आहे. बोअरचं पाणी तापवून टाकीत भरलं तरी त्या टाकीशेजारी देवीचं मंदिर नसेल. श्रद्धेचा वाटा दोन्ही गटांत सारखा ठेवायचा तर टाकी तिथेच, कुंडाशेजारीच ठेवावी लागेल, आणि त्याला देवस्थान परवानगी देईल का, हे आधी विचारावं लागेल.

सुट्टीच्या प्रश्नासाठी मात्र आपल्याकडे एक असा गट तयार आहे जो कॅलिफोर्नियाला सहज मिळणार नाही: माहेरी गेलेल्या बायका. माहेरी जकूझी नसतो, अरोमा ऑइल नसतं, बहुतेक ठिकाणी एसीही नसतो. पण सकाळी कुणी डबा मागत नाही. वसईची लोकल पकडायची नसते. एक गट रिसॉर्टला, एक माहेरी, एक घरीच गोखिवऱ्याला, सहा-सहा दिवस. रिसॉर्ट आणि माहेर दोन्हींत सारखाच बदल दिसला, तर मसाजच्या खोलीचं भाडं कशाचं हा प्रश्न उभा राहील. रँडम वाटणी इथे कठीण जाईल, कारण चिठ्ठीत माहेर निघालं म्हणून सासरचे सोडतीलच असं नाही, आणि काहींना जायला माहेर उरलेलंच नसतं. एथिक्स कमिटीत यावर तासभर जाईल.

शिवाय मोजायचं केव्हा ते ठरवताना जपा. समजा प्रोटोकॉलमध्ये लिहिलं, 'सर्वांचा लाळेचा नमुना सकाळी आठ वाजता'. दिसायला काटेकोर. पण गोखिवऱ्याच्या घरातली बाई पावणेपाचला उठलेली असते, पाणी भरून, डबे करून आठला तिला उठून सव्वातीन तास झालेले असतात, तिचं कॉर्टिसॉल कधीच उताराला लागलेलं असतं. तीच बाई रिसॉर्टवर साडेसातला उठली तर आठला ती नेमकी शिखरावर सापडेल. तुमचा आलेख सांगेल की आरामाने ताण वाढला. नमुना घड्याळावरून नाही, उठल्यापासूनच्या मिनिटांवरून घ्यायचा, आणि उठण्याची वेळ तिला विचारून रोज लिहून ठेवायची.