चुंबक लावला, एन्झाइम पळालं: पण नक्की कशामुळे?

या विषयावरचे पेपर चाळले असतील तर हा आलेख तुम्हाला ओळखीचा असेल. मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांवर एन्झाइम बांधलेलं, भोवती कॉइल, आणि क्षेत्र चालू केलं की अभिक्रियेचा वेग वर. खाली स्पष्टीकरण असतं: कण स्थानिक पातळीवर तापतात, द्रावण मात्र थंडच राहतं. माझा आक्षेप त्या 'स्थानिक' शब्दावर आहे.

वही घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कणाची त्रिज्या १० नॅनोमीटर, उष्णता ग्रॅममागे १०० वॅट. एका कणाच्या वाट्याला येतात जेमतेम २ फेम्टोवॅट. पाणी ही उष्णता इतकी झटपट वाहून नेतं की कणाचा पृष्ठभाग भोवतालापेक्षा एका अंशाच्या साधारण ३ कोटीव्या भागाइतकाच गरम राहतो! केब्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच ही मर्यादा मांडली होती. उलट २०१३ मध्ये रीडिंगर यांच्या गटाने तापल्यावर तुटणारे रेणू कणाला जोडले आणि पृष्ठभागालगत बरीच जास्त वाढ असल्याचं दाखवलं. म्हणजे वाद आहे. मग पेपरात तो वाद दिसायला नको का? बहुतेकदा एका वाक्यात विषय संपवलेला असतो.

असंख्य कण मिळून अख्खं द्रावण तापवतात, हे मात्र खरं. कॉइलही तापते. म्हणून तेवढ्याच तापमानाच्या वॉटर बाथमधला नमुना शेजारी हवाच. तापमान कशाने मोजलं तेही बघा. थर्मोकपल धातूचा असतो, बदलत्या क्षेत्रात तो स्वतःच तापू शकतो. फायबर ऑप्टिकचा उल्लेख दिसला की मला जरा बरं वाटतं.

क्ल्याच्को, कबानोव आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा 'आंगेवांड्टे केमी'तला पेपर मला म्हणूनच जास्त आवडतो. त्यांनी क्षेत्रच असं निवडलं की उष्णतेची पळवाट उरू नये. त्यांची कल्पना अशी: क्षेत्राबरोबर कण हलतात, एन्झाइमला ओढ बसते, त्याचा आकार बिघडतो आणि वेग बदलतो.

पण या वाटेने जाणार असाल तर वेगळी पंचाईत आहे. क्षेत्रात कण साखळ्या करून एकत्र येतात, तळाशीही बसतात. मग सब्स्ट्रेट एन्झाइमपर्यंत पोचायलाच उशीर होतो. शिवाय मॅग्नेटाइट स्वतः प्रकाश शोषतं, त्यामुळे कण खाली बसले की स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा एन्झाइमने काहीही न करता बदलतो. एन्झाइम न बांधलेले कण आणि मोकळं एन्झाइम एकत्र घालून तोच प्रयोग केलाय का, हे पुरवणी माहितीत शोधा. सापडलं नाही तर मुख्य आलेखाकडे परत जा आणि त्यातल्या एरर बार किती नमुन्यांच्या आहेत ते मोजा.