नळांचें व्याकरण

पांचव्या अंकांत जें संकट कोसळतें त्याचें बीज पहिल्या अंकांत पेरलेलें असावें, अशी अपेक्षा आपण नाटककाराकडून करितों. ऐन वेळीं आकाशांतून टपकलेली आपत्ति कितीहि भयंकर असली तरी ती आपणांस खरी वाटत नाहीं. हाच निकष संगणकावरील एका खेळास लावून पाहण्याचा येथें उद्देश आहे. खेळाची समीक्षा ती काय करावयाची, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं थोडा धीर धरावा.

कॅनडांतील व्हँकूव्हर येथील क्लेई एन्टरटेनमेंट या संस्थेचा 'ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड' हा खेळ ३० जुलै २०१९ रोजीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. एका लघुग्रहाच्या पोटांत तीन माणसें आहेत. त्यांस हवा, अन्न व पाणी पुरवून वस्ती उभारावयाची, एवढेंच कथानक. म्हणण्यासारखा शत्रु नाहीं, लढाई नाहीं. माणसेंहि मजेदार असलीं तरी उथळच आहेत. माझ्या मतें या खेळांतील खरें पात्र म्हणजे पाण्याचा नळ.

या नळांत पाणी सलग धारेनें वाहत नाहीं. त्याच्या खेपा असतात. एका खेपेंत फार तर १० किलोग्रॅम पाणी मावतें, वायूच्या नळींत १ किलोग्रॅम वायु. आणि दर सेकंदास खेप एक घर पुढें सरकते. दाब नाहीं, उंचीचा अडसर नाहीं. खऱ्या नळांत कोणत्या फांट्यास किती पाणी जावें हें उंचीवर व नळीच्या व्यासावर ठरतें; येथें तें केवळ क्रमावर ठरतें. नळीस दोन फांटे फुटले कीं एक खेप इकडे, दुसरी तिकडे. एक फांटा तुंबला तर सारें पाणी दुसऱ्याकडे. वांटणी अगदीं समान, पण गरजवंत कोण याची नळीस कांहींच चौकशी नाहीं.

अग्रहक्क द्यावयाचा असेल तर पूल बांधावा लागतो. पुलाचें तोंड नळीवर बसविलें कीं येणारी खेप आधीं पुलांत शिरते. पूल भरला तरच पुढच्या नळीस कांहीं मिळतें. उलट पुलाचें दुसरें टोंक वाहत्या नळीवर सोडलें, तर तेथें नळींत आधींपासून असलेल्या पाण्याचा मान पहिला. पुलाच्या पाण्यानें जागा मिळेल तेव्हां शिरावें. तोंडाशीं हट्टी आणि शेवटीं विनयशील असें हें साधन, आणि त्यास वीजहि लागत नाहीं! या दोन नियमांतून केवढें नाट्य निघतें तें शौचकूपाच्या उदाहरणानें दिसेल. (शुचितावादी वाचकांनीं क्षमा करावी, विषयच तसा आहे.)

शौचकूप एका वापरास ५ किलोग्रॅम स्वच्छ पाणी घेतो आणि ११.७ किलोग्रॅम घाण पाणी बाहेर टाकतो. तें गाळून पुन्हां त्याच शौचकूपास द्यावें, ही कोणासहि सुचणारी काटकसर. नळाचें वर्तुळ पुरें होतें आणि सारें सुरळीत चालतें. परंतु प्रत्येक वापराबरोबर वर्तुळांत पाणी वाढत जातें. एके दिवशीं स्वच्छ पाण्याची नळी कांठोकांठ भरते, गाळणी थांबते, घाण पाण्याची नळी तुंबते आणि शौचकूप बंद पडतो. वस्तीवर ओढवलेलें हें संकट टंचाईचें नसून विपुलतेचें आहे, आणि त्याचें बीज त्या पहिल्याच काटकसरींत होतें. उपाय एकच: गाळलेलें पाणी पुलाच्या तोंडानें आधीं शौचकूपास द्यावें व उरलेलें दुसरीकडे न्यावें. दुसरीकडे म्हणजे कोठें? गाळणीनें मळ जातो, रोगजंतु जात नाहींत. तें पाणी स्वयंपाकाच्या सांठ्यांत सोडलें तर पुढचा अंक आजाराचा.

इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकांतील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यानें नगराच्या जलकुंडास तीन कप्पे सुचविले होते. दोन बाजूंच्या कप्प्यांतून ओसंडलेलें पाणी मधल्यांत यावें व मधल्यानें सार्वजनिक कारंज्यांस पुरवावें. 'उरलेल्याचें काय' हा प्रश्न त्यानें कुंडाच्या रचनेंतच सोडविला. आमच्या खेळाडूस तो स्वतः सोडवावा लागतो. यांतच या कृतीचा रस आहे.

दोष नाहीं असें मात्र नव्हे. नळींतील पाणी गोठलें वा उकळलें तर नळी फुटते, हा नियम उत्तम. पण खेप नळीच्या क्षमतेच्या एकदशांशाहून अधिक नसेल तर तें पाणी कितीहि थंडींत गोठतच नाहीं! झडप १ किलोग्रॅमवर ठेवावी आणि हिमांतून खुशाल नळ न्यावा. अनुभवी खेळाडू ही सवलत सर्रास घेतात. मला ती खटकते. १ किलोग्रॅम पाण्याचें विघटन करून ८८८ ग्रॅम प्राणवायु व ११२ ग्रॅम हायड्रोजन, असा रसायनशास्त्राशीं जुळता हिशेब जे कर्ते चोख ठेवितात, त्यांनीं बर्फाशीं असा तह करावयास नको होता.