चार लाखांची फ्रेम आणि कॅटलॉगमधले आकडे

शर्यतीची सायकल ही नागपुरात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लाडिवोस्टॉक ही नऊ हजार किलोमीटरहून लांबची स्पर्धाही पार पाडली. त्याआधी, २०१५ मध्ये, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेतील तीच स्पर्धा जोडीने पूर्ण केली होती. आज पहाटे अमरावती रोडवर किंवा वर्धा रोडवर उभे राहिले, तर निमुळत्या हँडलांच्या काळ्या सायकली ओळीने जाताना दिसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो : पुढची फ्रेम कोणती घ्यावी?

वरच्या श्रेणीतील कार्बन फायबरची नुसती फ्रेम आणि फोर्क यांची किंमत चार लाखांच्या पुढे जाते. एवढे पैसे मागणारी वस्तू विकताना कंपन्या जे कॅटलॉग छापतात, त्यांत भौतिकशास्त्राचे शब्द सढळ हाताने पेरलेले असतात. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कॅटलॉगचे परीक्षण करावे, असे आम्हाला वाटले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला त्यातले निम्मे दावे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात, आणि तेवढ्यासाठी सायकल विकत घेण्याची गरज नाही.

सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो तो वजनाचा आकडा. स्पेशलाइज्ड कंपनीच्या टारमॅक एसएल-८ या २०२३ मधील फ्रेमचे वजन कंपनी ६८५ ग्रॅम सांगते. निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी चांगली कार्बन फ्रेम साधारण एक किलोची असते. म्हणजे फरक सुमारे ३०० ग्रॅमचा. आता परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा स्वार घ्या. चढ सुमारे ७०० मीटर; स्वार, सायकल आणि सामान मिळून वस्तुमान ८० किलो. गुरुत्वाविरुद्ध करावयाचे कार्य ८० × ९.८ × ७००, म्हणजे जवळजवळ ५ लाख ४९ हजार ज्यूल. पायांची शक्ती १५० वॅट धरली, तर वेळ लागतो सुमारे ६१ मिनिटे. त्या ३०० ग्रॅमचा यातला वाटा २,०५८ ज्यूल, म्हणजे १४ सेकंद. ३०० ग्रॅम म्हणजे ३०० मिलिलिटर पाणी, साध्या बाटलीच्या निम्म्यापेक्षाही कमी. मे महिन्यात नागपूरहून निघणारा माणूस दोन भरलेल्या बाटल्या घेऊनच निघतो. शिवाय व्यावसायिक शर्यतींत २००० सालापासून सायकलचे किमान वजन ६.८ किलो असावे असा नियम आहे, त्यामुळे फार हलक्या सायकलीला वरून वजन लावण्याचे प्रसंग खुद्द विजेत्यांवरही आले आहेत. वजनाचा आकडा खोटा नाही. तो फक्त सर्वांत सहज मोजता येतो, म्हणून सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला जातो.

त्यानंतर येते तंतूंचे नाव. टी-७००, टी-८००, टी-१००० ही जपानच्या तोरे कंपनीच्या तंतूंची नावे. आकडा जितका मोठा, तितकी फ्रेम ताठ, असा समज विक्रेतेही पसरवतात. येथे पाठ्यपुस्तकातला एक भेद उपयोगी पडतो. ताठरता म्हणजे ठरावीक बल लावले असता वस्तू किती कमी वाकते. ती यंगच्या गुणांकावर अवलंबून असते. बळकटी म्हणजे तुटेपर्यंत वस्तू किती ताण सोसते. टी-७०० तंतूचा यंगचा गुणांक सुमारे २३० गिगापास्कल आहे, टी-८०० चा २९४. टी-१००० चाही २९४ च! तो टी-८०० पेक्षा अधिक बळकट आहे, पण अधिक ताठ नाही. ज्या कॅटलॉगमध्ये ‘टी-१००० मुळे अधिक ताठ’ असे वाक्य आढळेल, त्याच्या लेखकाने स्वतःच्याच मालाची माहितीपत्रिका वाचलेली नाही असे समजावे.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यंगचा गुणांक भागिले घनता हे गुणोत्तर काढून पाहा. पोलाद : २०० भागिले ७.८, सुमारे २६. ॲल्युमिनियम : ७० भागिले २.७, पुन्हा २६. टिटॅनियम : ११० भागिले ४.५, सुमारे २४. इतके वेगळे तीन धातू, आणि गुणोत्तर जवळजवळ एकच! धातूच्या फ्रेममध्ये फरक पडतो तो बहुतांशी नळीच्या आकाराने. ॲल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड दिसतात त्याचे कारण हेच : पातळ भिंतीच्या नळीची वाकण्याविरुद्धची ताठरता त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कार्बन या नियमातून सुटतो. तंतू आणि इपॉक्सी रेझिन मिळून बनलेल्या पट्टीचा गुणांक तंतूच्या दिशेने सुमारे १३५ आणि घनता १.६, म्हणजे गुणोत्तर ८४. मात्र त्याच पट्टीला आडवे ताणले, तर गुणांक जेमतेम ९ किंवा १० उरतो. बुरुडाला हे शिकवावे लागत नाही. बांबूची कामटी लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही, पण उभी चिरायला एक धारदार कोयती पुरते.

म्हणून कार्बन फ्रेम चांगली की वाईट, हे तंतूंच्या नावावर ठरत नाही. कोणत्या जागी किती थर, कोणत्या कोनात, कोणत्या क्रमाने घातले, यावर ते ठरते. पायाच्या जोराने नळीला पीळ बसतो तेथे पंचेचाळीस अंशांचे थर लागतात, वाकण्याचा जोर येतो तेथे लांबीच्या दिशेचे. हे थर बहुतेक कारखान्यांत माणसे हातांनी साच्यात बसवतात. या मांडणीचा नकाशा एकही कंपनी छापत नाही. व्यापारी गुपित म्हणून ते समजण्याजोगे आहे. परंतु मग तंतूचे नाव सांगून ग्राहकाला काय कळले? स्वयंपाकात कोणते तांदूळ वापरले ते सांगितले; भात कसा शिजला ते नाही.

हवेच्या विरोधाबद्दलचे प्रकरण मात्र खरोखर वाचनीय असते. येथे कंपन्यांनी कष्ट घेतलेले आहेत, आणि फरकही खरा असतो. एसएल-८ बद्दलचा दावा असा, की आधीच्या फ्रेमपेक्षा ती ४० किलोमीटरला १६.६ सेकंद वाचवते. ताशी ४५ किलोमीटर वेग धरला, तर ४० किलोमीटरला ३,२०० सेकंद लागतात. म्हणजे बचत अर्धा टक्का. अनेक कंपन्या असे आकडे वॅटमध्ये देतात आणि वेग ताशी ४५ किंवा ५० किलोमीटर धरतात. येथेच खरी मेख आहे. हवेवर खर्च होणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४५ ला स्वार हवेवर सुमारे ३६० वॅट खर्च करीत असेल, तर त्याच बैठकीत ताशी ३० ला तो सुमारे १०६ वॅट खर्च करतो. म्हणजे जाहिरातीतले वाचलेले १० वॅट आपल्या वेगाला तीनच उरतात. ४,९०० किलोमीटर बारा दिवसांत कापायचे, तर झोप आणि थांबे धरून सरासरी वेग ताशी १७ पडतो, हेही येथे आठवावे. नागपूरहून निघणाऱ्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. तेथे ताशी १५ देखील चालतात.

यावर कंपन्यांचे एक उत्तर आहे. हळू जाणारा माणूस रस्त्यावर अधिक वेळ असतो, म्हणून त्याचे सेकंद जास्त वाचतात. हिशेब म्हणून हे चुकीचे नाही. आठ तासांच्या प्रवासात अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटे. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण कमी वेगाला टायरच्या घर्षणाचा वाटा वाढतो. ही अडीच मिनिटे कोंढाळीच्या चहात जातात. शिवाय एकूण विरोधाचा मोठा हिस्सा स्वाराच्या स्वतःच्या शरीराचा असतो. कोपरे थोडी आत घेऊन पाठ खाली आणणारा स्वार फ्रेम बदलणाऱ्यापेक्षा अधिक कमावतो, आणि तेही फुकट.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कितीतरी वर्षे कंपन्यांनी दोन प्रकारच्या फ्रेम विकल्या : चढासाठी हलकी, सपाटीसाठी वाऱ्याला कापणारी. दोन्ही आवश्यक, असे कॅटलॉग ठासून सांगत. २०२० साली स्पेशलाइज्डने टारमॅकची सातवी आवृत्ती काढली आणि व्हेंज ही वाऱ्याची फ्रेम बंद केली. २०२४ साली ट्रेकने एमोंडा आणि मॅडोन यांची एकच फ्रेम केली. म्हणजे ज्या निवडीवर गाहक महिनोन् महिने डोके खाजवीत होते, ती निवड कंपन्यांनीच रद्द केली. जुन्या कॅटलॉगमधील ठाम वाक्यांचे काय झाले, यावर नव्या कॅटलॉगमध्ये अवाक्षर नाही.

‘उभ्या दिशेने लवचीक, आडव्या दिशेने ताठ’ हे वाक्य तर आता मंगलाष्टकांसारखे झाले आहे. प्रत्येक प्रसंगी म्हणायचेच. फ्रेम हे दोन त्रिकोणांचे बनलेले असते, आणि त्रिकोण हा सर्वांत न हलणारा आकार आहे, हे आपण सातवीत काड्या आणि टाचण्या घेऊन दाखवतो. स्वाराच्या वजनाने टायर काही मिलिमीटर दबतो, सीटपोस्ट थोडा वाकतो, फ्रेमचा त्रिकोण त्या मानाने जवळजवळ जागचा हलत नाही. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवरून जाताना दर काही मीटरवरच्या सांध्याला जो धक्का बसतो, तो २५ ऐवजी ३२ मिलिमीटरचे टायर लावून आणि हवा कमी ठेवून जितका कमी होईल, तितका कोणत्याही थरांच्या मांडणीने होणार नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा : या फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो? उत्तर कॅटलॉगमध्ये असते, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.

त्याच बारीक अक्षरांत सर्वांत महत्त्वाची माहितीही असते, आणि ती शिक्षकांच्या फार उपयोगाची आहे. क्रँकचा आस जेथे बसतो तो बिंदू आरंभबिंदू धरा. तेथून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे ‘रीच’ आणि उभे अंतर म्हणजे ‘स्टॅक’. साधे निर्देशक भूमितीतले क्ष आणि य! आपल्याला बसणाऱ्या सायकलचे हे दोन आकडे काढून आलेख कागदावर बिंदू मांडावा, मग प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मापाचा बिंदू मांडावा. दोन कंपन्यांची ‘५४’ मापे एका जागी पडत नाहीत हे लगेच दिसते. एकाच कंपनीच्या शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या फ्रेममध्ये स्टॅकचा फरक चार सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. ज्याची पाठ तीन तासांत दुखते, त्याला हे चार सेंटिमीटर ३०० ग्रॅमपेक्षा कितीतरी मोलाचे. आमच्या मते फ्रेमची निवड येथून सुरू व्हावी आणि बहुतेकदा येथेच संपावी.

नळीवर चिकटवलेल्या ‘यूसीआय’च्या शिक्क्याविषयीही एक गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा हा शिक्का २०११ पासून लागू लागला. फ्रेमचा आकार आणि मापे शर्यतीच्या नियमांत बसतात, एवढेच तो सांगतो. सुरक्षिततेची हमी देत नाही. सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे वेगळे मानक आहे. त्यात शर्यतीच्या फ्रेमवर पेडलमार्फत १,१०० न्यूटन बल एक लाख वेळा लावतात. दुकानात विचारायचे ते या मानकाविषयी.

शेवटी, ज्याविषयी कॅटलॉग जवळजवळ गप्प असतात ते. धातूची नळी आपटली तर खड्डा पडतो, वाकते, दिसते. कार्बन वाकून राहत नाही. बाहेरचा रंग शाबूत असताना आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसे पडलेल्या फ्रेमवर नाण्याने हळूहळू ठोकत जावे. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर तेथे संशय धरावा. मात्र आवाज चांगला आला म्हणजे फ्रेम निर्दोष, असे समजू नये. खात्री ध्वन्यातीत तपासणीनेच होते. सीटपोस्टचा बोल्ट अंदाजाने आवळणे हेही फ्रेम चिरडण्याचे एक हमखास कारण. त्यावर बहुधा न्यूटन-मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, आणि तो पाळायला मापाचा पाना लागतो.

उन्हाची भीती आम्हाला वारंवार विचारली जाते. नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला, बंद गाडीत ७० झाले, तरी कारखान्यात उष्णता देऊन पक्के केलेले इपॉक्सी सहसा मऊ पडत नाही. ते मऊ पडण्याचे तापमान बहुधा शंभर अंशांच्या पुढे असते. परंतु तडा गेलेली फ्रेम कोणी हार्डवेअरच्या दुकानातले, घरच्या तापमानाला सुकणारे इपॉक्सी लावून जोडून देत असेल, तर गोष्ट निराळी. असे इपॉक्सी पन्नास-साठ अंशांनाच मऊ होऊ लागते, आणि काळी फ्रेम मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी राहिली की तेवढी सहज तापते. दुरुस्ती करणाऱ्याला कोणते रेझिन वापरणार आणि ते किती अंशांवर भाजून पक्के करणार, हे आधी विचारावे. उत्तर देता आले नाही, तर फ्रेम परत घेऊन घरी यावे.