वाफेच्या इंजिनांचा जीर्णोद्धार : पाठशुद्धीच्या दृष्टीनें एक परीक्षण

तारापूर हें नांव उच्चारतांच आमच्या वाचकांस १७३९ च्या जानेवारींतील वेढा आणि चिमाजी अप्पाची वसईची मोहीम आठवते. त्या मोहिमेचे कागद आपण जपले, त्यांच्या तारखा जुळविल्या, संशयित पत्रें निराळीं काढलीं. परंतु त्याच किल्ल्याच्या पूर्वेस, बोईसरवरून, जो लोहमार्ग जातो तोही आतां दीडशें वर्षांहून जुना झाला आहे, इकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया' ही कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. अंकलेश्वराकडील तिचा पहिला तुकडा १८६० सालीं खुला झाला, आणि १८६४ सालीं पालघर-बोईसरवरून तिची गाडी मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत पोंचली. विजेची तार १९३६ सालीं विरारपर्यंत आली व तेथें बराच काळ थांबली. म्हणून पालघरच्या बाजूस वाफ पुढेंही कित्येक वर्षें राबत होती. १९६९ पासून तारापूरच्या अणुवीजकेंद्रांत चक्रें फिरविणारी शक्ति तरी दुसरी कोणती? तीही वाफच!

अशा मार्गांवरील जुन्या इंजिनांचा व डब्यांचा जीर्णोद्धार अलीकडे ठिकठिकाणीं होतो. तो स्तुत्य आहे. परंतु जीर्णोद्धार म्हणून जें केलें जातें त्याची परीक्षा मात्र होत नाहीं. रंग ताजा, पितळ लखलखीत, शिटी वाजली, कीं प्रेक्षक संतुष्ट! पोथीचा संग्राहक एवढ्यावर संतुष्ट होईल काय? पोथीचीं कांहीं पानें मागाहून लिहून घातलेलीं असतील तर तो शाई व कागद पाहतो, हस्ताक्षर ताडतो, आणि मगच तिचा काळ सांगतो. इंजिनासही हाच न्याय लाविला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

इंजिनाचें शरीरच असें आहे कीं तें अखंड मूळ राहूं शकत नाहीं. बॉयलरच्या नळ्या पाण्यानें व आंचेनें खंगतात, त्या बदलाव्या लागतात. पत्रे पातळ होतात. चाकांच्या धांवा झिजतात. कारखान्यांत मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं एका इंजिनाचें बॉयलर त्याच जातीच्या दुसऱ्यास बसविण्याचीही वहिवाट होती. तेव्हां बदल हा दोष नव्हे. बदल लपविणें हा दोष होय. दृढबलानें चरकसंहितेचे एकेचाळीस अध्याय स्वतः भरून काढले, आणि तसें ग्रंथांतच स्पष्ट सांगितलें. त्यामुळें आज आपण चरकाचें काय व दृढबलाचें काय याचा विचार तरी करूं शकतों. जुन्या इंजिनांस असा प्रामाणिक प्रतिसंस्कर्ता क्वचितच लाभतो.

'फेअरी क्वीन'चेंच उदाहरण घ्या. लीड्स येथील किट्सनच्या कारखान्यांत १८५५ सालीं घडलेलें हें इंजिन १९०९ सालीं सेवेंतून निघालें, १९९७ सालीं पुनः धांवूं लागलें, व पुढच्याच वर्षीं जगांतील सर्वांत जुनें चालू इंजिन म्हणून गिनेसच्या ग्रंथांत नोंदलें गेलें. २०११ सालीं त्याचे भाग चोरीस गेले, आणि पेरांबूरच्या कारखान्यांत त्याची नव्यानें दुरुस्ती करावी लागली. कारागिरांचें कौशल्य निर्विवाद आहे. परंतु '१८५५' हा आंकडा आतां या यंत्राच्या कोणत्या अंगास लागू आहे व कोणत्या नाहीं, हें इंजिनाशेजारींच लिहून ठेविल्यावांचून 'सर्वांत जुनें' या विशेषणास संशोधकाच्या लेखीं पुरतें वजन येत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्याच प्रांतांतील. नेरळ-माथेरान मार्ग १९०७ सालीं अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नानें झाला. दोन फूट रुंदीच्या त्या रुळांवरील तीव्र वळणें घेतां यावीं म्हणून ओरेन्श्टाइन उंट कोप्पेल या जर्मन कारखान्याकडून चार इंजिनें आलीं; त्यांचे टोंकाचे आंस वळणाबरोबर सरकत. ७३८ तें ७४१ हे त्यांचे अंक. त्यांपैकीं एक नेरळास व एक माथेरानास उभें राहिलें, एक दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत गेलें, आणि एक तर इंग्लंडांत पोंचलें. पुढें माथेरानास पुनः वाफेची गाडी दाखविण्याचा विचार झाला, तेव्हां दार्जिलिंगच्या मार्गावरील ७९४ अंकाचें इंजिन आणण्यांत आलें व तें तेलावर चालेल असें करण्यांत आलें. पाहुणा म्हणून त्याचें स्वागत असो; पण माथेरानच्या इतिहासांत तें प्रक्षिप्त आहे. बाहेरचा श्लोक चांगला असला तरी त्यास मूळ संहितेंत स्थान देतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, 'इंजिन धांवलें नाहीं तर तें लोखंडाचा ढीगच. वीणा वाजविली नाहीं तर लांकूडच.' आक्षेप खरा आहे, पण त्याचें उत्तरही आहे. स्टीफनसनचें १८२९ चें 'रॉकेट' इंग्रजांनीं कामांतून निघालेल्या अवस्थेंतच, फेरफारांच्या खुणांसह, जपलें. धांवण्यासाठीं १९७९ सालीं निराळी प्रतिकृति घडविली. मूळ प्रत पेटींत, वाचण्यासाठीं नक्कल हातांत! आपण पोथ्यांचें याहून वेगळें काय करतों?

डब्यांची स्थिति अधिक चिंतेची आहे, कारण त्यांस इंजिनाइतका कोणी वालीच नाहीं. १९३७ सालीं सुरू झालेली 'फ्लाइंग रानी' पालघरवरूनच सुरतेस जाते. तिचे दुमजली डबे १९७९ पासून धांवत होते. ते २०२३ च्या जुलईंत काढण्यांत आले. चव्वेचाळीस वर्षें हजारों लोक ज्यांत बसून मुंबईस गेले, त्यांचें मोजमाप, आंतील पाट्या, आसनांची रचना हें सारें आतांच लिहून ठेविलें तर उद्यांचा जीर्णोद्धारक अंधारांत चाचपडणार नाहीं. विरार-डहाणू पट्ट्यांत नवे रूळ घालण्याचें काम हाती घेतलें गेलें आहे. अशा वेळीं जुन्या वस्तु आधीं हलतात आणि त्यांची आठवण मागाहून होते.

म्हणून आमची मागणी लहान आहे. प्रत्येक जीर्णोद्धृत इंजिनाबरोबर व डब्याबरोबर एक पाठभेदपत्रक असावें : कोणता भाग मूळ, कोणता कधीं बदलला, काढलेला भाग कोठें ठेविला. आणि एक शब्द आमच्या संग्राहक मित्रांस. इंजिनाची पितळी अंकपाटी व घडणाऱ्याची पाटी ही त्याची पुष्पिका होय. ती कोणाच्या बैठकींत भिंतीवर शोभत असेल तर तिच्यावांचून एक पोथी कोठेंतरी निनांवी पडली आहे, हें त्यांनीं जाणावें. आणि पाटी परत देणें शक्य नसेल तर निदान तिचा ठसा व ती कोठून मिळाली याची हकीकत तरी नोंदवून ठेवावी.